बावडीनंतरची पानं

३० मार्च २०२३, गुरुवार. रामनवमी

जन्मकाळ झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला आणि शेजारच्या काकूंचा फोन आला. आमच्या इंदुरात स्नेहनगराला लागून पटेल नगरात बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिर आहे. तिथे हवन चालू असताना पायाखालची फरशी खचली आणि माणसं खालच्या बावडीत, म्हणजे जुन्या विहिरीत, कोसळली. इकडे आम्ही पाळण्याची दोरी ओढत होतो, साधारण त्याच सुमाराला.

संध्याकाळपर्यंत आकडा वाढतच राहिला. रात्री महूहून लष्कराची तुकडी आली. बावडी देवळाच्या आत होती आणि वर फरशी होती. तिथे बसलेल्या पुष्कळांना आपण कशावर बसलो आहोत याची कल्पनाच नव्हती, असं सांगतात. आज एवढंच लिहवतं.

३१ मार्च, शुक्रवार

छत्तीस. शेवटचा देह आज सापडला. रात्रभर पंप लावून पाणी उपसत होते, खाली गाळ होता. गेलेल्यांत बायका आहेत, लहान मुलं आहेत.

दिवसभर दोनच वाक्यं कानावर पडली. एक नणंदेचं, दूधवाल्याचं, बँकेतल्या रांगेतल्या गृहस्थांचं: देवाची मर्जी. दुसरं माझ्या भाच्याच्या मित्राचं, संतापून म्हटलेलं: रामनवमीला, हवन करत असताना? मग देव होता कुठे?

मी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. ‘ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे सांगून त्यांचं परीक्षण करा’ हा प्रश्न पेपरात हमखास यायचा आणि मुलं तो पाठ करून लिहायची. आज दोन्ही वाक्यांना उत्तर द्यायची माझी इच्छा झाली नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, ते म्हणतील ते ऐकून घ्यायचं असतं. पण माझ्या घरचं कुणी गेलेलं नाही. मला विचार न करण्याची सवलत नाही.

१ एप्रिल, शनिवार

लिस्बन आठवलं आणि दिवसभर तेच वाचत बसले.

१ नोव्हेंबर १७५५. ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा मोठा सण, सकाळची प्रार्थनेची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. भूकंप झाला, मागोमाग समुद्र चढून आला, मग सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांतून आणि घरोघरच्या चुलींतून आगी लागल्या आणि कित्येक दिवस जळत राहिल्या. हजारो माणसं गेली. युरोपात तोवर मोठमोठे विचारवंत सांगत होते की देवानं जी जगं निर्माण करता आली असती त्यांतलं हे उत्तम. व्हॉल्तेअरनं त्यावर एक दीर्घ कविता लिहिली: ढिगाऱ्याखालच्या आईला आणि तिच्या तान्ह्याला हे जाऊन सांगा. तिकडे मालाग्रिदा नावाच्या जेसुइट धर्मगुरूनं १७५६ मध्ये पुस्तिका काढून बजावलं की याला निसर्गाचं कारण देणं हेच पाप आहे. हा देवाचा कोप आहे, घरं बांधत बसू नका, प्रायश्चित्त घ्या. पटेल नगरानंतर मी जी दोन वाक्यं ऐकली, ती तेव्हाही अशीच समोरासमोर उभी होती.

मला मोलाचं वाटतं ते तिसरं उत्तर. १८ ऑगस्ट १७५६ ला रूसोनं व्हॉल्तेअरला पत्र लिहिलं. रूसो देव मानणारा. त्याचं म्हणणं असं की सहा-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी दाटीनं निसर्गानं बांधलेली नव्हती. लोक विरळ राहत असते आणि पहिल्या धक्क्यानंतर सामान घ्यायला परत गेले नसते, तर इतकी माणसं गेली नसती. भूकंपाच्या अंगानं हे सगळं खरं आहे असं नाही. पण त्यानं प्रश्न आकाशातून उचलून घरांच्या भिंतींवर आणला.

त्याच वर्षी दूर क्योनिग्जबर्गमध्ये तिशीतल्या इमान्युएल कांटनं भूकंपावर तीन लेख लिहिले. जमिनीखाली पोकळ्या आहेत, त्यांतले वायू पेटतात, अशी त्याची उपपत्ती होती. ती पुढे चुकीची ठरली. तरी तिची दिशा बरोबर होती: कारण शोधा, आणि नदीकाठाला समांतर अशा लांबच लांब रांगांनी घरं बांधताना विचार करा. देवाच्या साऱ्या व्यवस्थेचा हेतू आपण एकटेच आहोत असं माणसानं समजू नये, हेही त्यानं तिथेच म्हटलं. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी मागे हटला की पुढे आला, विहिरींच्या पाण्यात काय फरक पडला. भूकंपशास्त्राची सुरुवात त्या कागदांपासून मानतात. उत्तरं लिहिणारे धर्मगुरू होते, ही गोष्ट मला फार आवडते. त्यांनी श्रद्धा बाजूला ठेवली नाही, विहिरीत डोकावून मात्र पाहिलं.

२ एप्रिल, रविवार

भाचा आला होता. तो बांधकामातला इंजिनिअर. मी त्याला सरळ विचारलं, बावडी झाकायची म्हणजे नेमकं काय करतात?

‘मावशी, तोंडावर लोखंडी गर्डर टाकतात, वर पातळ स्लॅब, वर फरशी. एकदा फरशी बसली की वरून दिसायला ती खोलीच. खालून तपासायची सोयच उरत नाही.’ मग त्यानं कागदावर काढून दाखवलं. घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरतात. जिथे माणसं दाटीनं उभी राहणार तिथे आपल्या मानकाप्रमाणे पाचशे किलो धरावे लागतात. बावडीतली ओल रात्रंदिवस खालून लागते. लोखंड गंजतं, गंजताना फुगतं, भोवतालचं काँक्रीट फोडतं, आणि हे सगळं अंधारात चालतं. ‘रोज चार-सहा माणसं येतात तोवर ते टिकतं. सणाला पन्नास-साठ एकदम बसतात. मग?’

मी म्हटलं, म्हणजे सणाच्या दिवशीच पडणार.

‘हो. त्यात देवाचा कोप नाही आणि देवाची गैरहजेरीही नाही. गर्दी सणालाच होते.’

हे ऐकल्यावर परवाच्या दोन वाक्यांचं कोडं मला उलगडलं. ‘देवाची मर्जी’ म्हणणारा आणि ‘देव कुठे होता’ म्हणणारा, दोघंही छत्तीस माणसांपासून निघून थेट देवापाशी जाऊन थांबतात. मध्ये एक स्लॅब आहे, तो घालणारी माणसं आहेत, ज्यांनी तो तपासायला हवा होता ती माणसं आहेत. त्यांच्यावरून दोघंही उडी मारून जातात.

आणि बावडी मुळात झाकली कशाला? इंदूरची जुनी माणसं सांगतात, बावड्यांवर मोहल्ले जगत होते. अहिल्याबाईंनी देशभर देवळं बांधली तशा विहिरी, बारवा आणि घाटही बांधले. त्यांच्या हिशेबात पाणी आणि देव वेगळे नव्हते. मग १९७० चं ‘नर्मदा लाओ’ आंदोलन झालं, त्या दशकाच्या शेवटी जलूदहून नर्मदा शहरात आली, नळ आले. बावडीची गरज संपली. गरज संपलेल्या बावडीत कचरा पडला, आणि शेवटी कुणी तरी तिच्यावर जमीन तयार केली.

३ एप्रिल, सोमवार

आज पहाटेपासून पटेल नगरात बुलडोझर लागले. मूर्ती आधी दुसऱ्या देवळात हलवल्या, मग बांधकाम पाडलं. पेपरात जुना पत्रव्यवहार आलाय. तिथल्या बागेतल्या नव्या बांधकामाबद्दल रहिवाशांनी आदल्या वर्षी तक्रार केली होती, महापालिकेनं नोटीस दिली होती, आणि मंदिराच्या ट्रस्टनं उत्तरात धार्मिक भावना दुखावल्या जात असल्याचं लिहिलं होतं. पुढे कुणी हललं नाही. ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांवर आता गुन्हा दाखल झालाय, चौकशीही लागलीय. कोण किती दोषी, ते न्यायालय ठरवील.

पण नोटिशीला ‘भावना’ हे उत्तर पुरतं, याचा मला राग येतो. तो राग मी देव मानणारी बाई म्हणून लिहून ठेवते.

४ एप्रिल, मंगळवार

काकू संध्याकाळी आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘मागच्या जन्मीचं काही असेल हो. नाहीतर एवढ्याशा लेकराला असं का व्हावं?’ त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. जगात काही तरी न्याय आहे यावरचा विश्वास त्यांना सोडायचा नव्हता.

काकूंचं उत्तर जुनं आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप घेतलाय: एक सुखी, एक दुःखी, असं जग करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असं की तो प्रत्येकाच्या कर्माप्रमाणे देतो, म्हणून दोष त्याचा नाही. तर्क म्हणून हे बळकट आहे. पहिलं कर्म कुठलं असं विचारलं, तर संसार अनादि आहे हे उत्तर तयार असतं. पण याची किंमत कोण देतं ते पाहावं. ईश्वर निर्दोष सुटतो आणि दीड-दोन वर्षांचं मूल दोषी ठरतं. गर्डर टाकणारा या हिशेबात कुठेच येत नाही.

काकू गेल्यावर कपाटातून जुन्या टिपणवह्या काढल्या. आपल्याकडे हा वाद किती निर्भयपणे झालाय ते आपण विसरलो आहोत. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला ‘न्यायकुसुमांजलि’ लिहिला. ग्रंथ सबंध ईश्वरसिद्धीसाठी. घट दिसला की कुंभार मानावा लागतो, पृथ्वी हेही कार्य आहे, म्हणून तिचाही कर्ता आहे. परमाणू आपोआप जुळत नाहीत, कुणीतरी जुळवणारा हवा. आणि ही तर्कचर्चा हीच माझी उपासना, अशी त्यांची भूमिका. दंतकथा अशी की पुरीला जगन्नाथाचं दार बंद दिसलं तेव्हा ते देवावरच रागावले: बौद्ध चालून येतात तेव्हा तुझं असणं माझ्यावर अवलंबून असतं, विसरू नकोस.

विरुद्ध पक्षात मात्र बौद्धच होते असं नाही. वेदाचा शब्द न शब्द प्रमाण मानणारे कुमारिल भट्ट सातव्या शतकात विचारतात: जग नव्हतं तेव्हा हा कर्ता कुठे उभा होता? त्याला शरीर होतं का? आणि दुःखानं भरलेलं जग निर्माण करण्यात त्याचा हेतू काय? यज्ञाचा एवढा कैवारी, आणि जगाचा कर्ता मानत नाही. सांख्यांचंही तेच. आपल्या इंदुरात राजवाड्यामागे सर सेठ हुकुमचंदांचं काच मंदिर आहे. तिथे रोज दर्शनाला जाणाऱ्या जैनांच्या दर्शनातही जग कुणी घडवलेलं नाही. भक्तीला त्यामुळे काही बाधा आलेली दिसत नाही.

आणि रामानुजाचार्य! विष्णूचे परमभक्त. श्रीभाष्याच्या सुरुवातीलाच ते कुंभाराचा दाखला तपासून बाजूला ठेवतात. कुंभाराला देह असतो, मग जगत्कर्त्यालाही मानणार का? मोठा वाडा एकच माणूस बांधतो का? जगाचे भाग वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्यांनी केले नसतील कशावरून? ईश्वर अनुमानानं सिद्ध होत नाही, तो शास्त्रातूनच कळतो, हा त्यांचा निर्णय. डेव्हिड ह्यूमनं जहाज आणि पुष्कळ सुतार यांचा असाच मुद्दा काढला, तो त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापला गेला. सहा-साडेसहा शतकं आधी श्रीरंगमच्या एका आचार्यानं देवावरच्या प्रेमापोटी देवाचा पुरावा मोडीत काढला होता.

५ एप्रिल, बुधवार

कालचं अर्धवट राहिलं. सगळ्यात महत्त्वाचं शंकराचार्यांचं, म्हणून आज वेगळं लिहिते.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्याच पादात, तर्काला पक्का पाया नाही असं एक सूत्र आहे. भाष्यात आचार्य सांगतात: एका हुशार माणसानं मोठ्या प्रयासानं मांडलेला तर्क त्याहून हुशार माणूस खोडतो, त्याचा तिसरा खोडतो. श्रद्धेची बाजू घेणारे लोक भाषणांत इथे थांबतात आणि म्हणतात, बुद्धीची धाव तोकडी आहे, झालं. पण भाष्य तिथे थांबत नाही. पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, लगेच उठतो: तर्काला पाया नाही हेही तू तर्कानंच सांगतोस ना? आणि तर्कच नसेल तर लोकव्यवहार कसा चालेल? जे पुढे यायचं आहे त्याबद्दल माणूस मागच्या अनुभवावरूनच अंदाज बांधतो. यावर आचार्य कबूल करतात की काही विषयांत तर्क पक्का उभा राहतो. जगाच्या अतिगंभीर मूळ कारणाविषयी मात्र तो उभा राहत नाही.

बाराशे वर्षांपूर्वीची ही कबुली मला आज हवी होती. बुद्धीला मर्यादा आहेत हे मान्य. त्या कुठे आहेत हे सांगण्याची जबाबदारीही त्याच माणसावर येते. जगाला आरंभ आहे की नाही, त्याला कर्ता आहे की नाही, इथे बुद्धी थांबते. गंजलेला गर्डर किती माणसं पेलेल, इथे ती थांबत नाही. आपण काय केलं, तर पहिल्या प्रश्नाची कुंपणभिंत उचलून दुसऱ्या प्रश्नाभोवती आणून लावली.

कांट पुढे १७८१ च्या मोठ्या ग्रंथात याच जागी येऊन पोचला. जगाला आरंभ आहे हे बुद्धी सिद्ध करू शकते आणि नाही हेही तितक्याच चोख सिद्ध करू शकते. अनुभवाच्या पलीकडे गेली की ती स्वतःशीच भांडते. म्हणून ईश्वर सिद्ध होत नाही, आणि नाही हेही सिद्ध होत नाही. लिस्बनच्या घरांबद्दल लिहिणारा आणि हे लिहिणारा माणूस एकच. अनुभवाच्या आत कारण शोधायचं त्यानं कधी सोडलं नाही.

६ एप्रिल, गुरुवार. हनुमान जयंती

पहाटे देवळात गेले. गर्दी नेहमीसारखीच होती. सभामंडपात बसताना मी खाली पाहिलं, शेजारची बाईही खाली पाहत होती. आम्ही काही बोललो नाही.

९ एप्रिल, रविवार

भाच्यानं विचारलं, देव मानणारे मोठे लोक अशा वेळी काय म्हणाले आहेत? मी त्याला १९३४ सांगितलं. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर होते. ते म्हणाले, हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवानं दिलेला दंड आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला: नैसर्गिक घटनेला नैसर्गिक कारणंच असतात, असाच तर्क उलट बाजूही वापरील, आणि ज्या महात्म्यानं देशाच्या मनातली भीती घालवली, त्यानंच अविचाराला बळ देऊ नये. गांधीजींनी हे पत्र आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापलं, उत्तर दिलं, मत बदललं नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३५ मध्ये, हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते इंदुरात आले होते.

गांधीजींवर माझी नितांत भक्ती आहे. या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे. अस्पृश्यता पाप आहे हे सांगायला भूकंपाची साक्ष लागत नाही, आणि त्या भूकंपात दलितांचीही घरं पडली.

भाच्यानं किल्लारीच्या भूकंपाची आठवण करून दिली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत-बाहेर. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक थकून झोपले होते. आठ-दहा हजार माणसं गेली. भूकंप काही जगातला मोठा म्हणावा असा नव्हता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांनी माणसं मारली. लातूर-उस्मानाबादचा हा भाग फार धोक्याचा नाही असं तोवर धरून चालले होते. गणपतीनं वाचवलं का नाही, हे तेव्हाही लोकांनी विचारलंच असेल. पुढे जी गावं नव्यानं वसवली, त्यांतली घरं भूकंप सोसतील अशी बांधली. ते काम त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत थांबलं नाही, हे बरं झालं.

११ एप्रिल, मंगळवार. महात्मा फुले जयंती

जोतीराव देव मानत होते हे आज पुष्कळांना सांगावं लागतं. त्यांचा ‘निर्मिक’ हा एकच. सूर्य, पृथ्वी, पाणी त्यानं सगळ्यांसाठी केलं, म्हणून त्याच्या नि माणसाच्या मध्ये भट नको, मूर्ती नको, नवस नको. ‘गुलामगिरी’त, १८७३ साली, त्यांनी एकेक अवतार घेऊन त्याची बुद्धीनं उलटतपासणी केली, आणि मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाला धरूनच सगळी नीती उभी केली. निर्मिक आहे कशावरून, या प्रश्नात त्यांनी फार वेळ घालवला नाही. निर्मिकाच्या नावावर कोण काय खपवतं, हे मात्र त्यांनी जन्मभर तपासलं.

मला स्वतःला जोतीरावांची ही वाट जवळची वाटते. रात्री भाचा म्हणाला, ‘मावशी, तू एवढे पुरावे खोडतेस, मग सकाळी पूजा कशाला करतेस?’ मी त्याला खरं तेच सांगितलं. पुराव्यावरून मी देव मानलेला नाही, त्यामुळे पुरावा मोडल्यानं तो जात नाही. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त शब्दाच्या उपकारांचं केवढं वर्णन केलं आणि मग त्याच शब्दाचं खंडन केलं, स्वतःसिद्ध आहे त्याला शब्द सिद्ध करू शकत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण हे पटणं माझं आहे. ते कुणावर लादावं असा आधार माझ्याजवळ नाही, आणि त्याच्या बळावर एकही नोटीस मागे घ्यायला सांगण्याचा मला अधिकार नाही.

भाच्यानं डॉ. श्रीराम लागूंचं नाव काढलं. देवाला आता रिटायर करा, असं ते उघड म्हणायचे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर ते आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकत्र बसत आणि या मुद्द्यावरचा मतभेद लोकांसमोर मांडत. दाभोलकर म्हणत, देव मानण्याचा हक्क संविधानानं दिलाय, आमचा विरोध देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. नागपूरच्या ‘आजचा सुधारक’ मासिकात प्रा. दि. य. देशपांडे वर्षानुवर्षं विवेकवाद मांडत राहिले: ईश्वर आहे हे एक विधान आहे, इतर कुठल्याही विधानासारखा त्यालाही पुरावा द्या. मी त्यांच्याशी शेवटी सहमत होत नाही. तरी असे वाद मराठीत सभ्यपणे झाले याचा मला अभिमान आहे, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या याची लाज आहे.

१४ एप्रिल, शुक्रवार. आंबेडकर जयंती

सकाळी भाच्याबरोबर महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थानी जाऊन आले. दरवर्षीप्रमाणे महाराष्ट्रातून माणसांचे लोंढे आलेले. नागपूरच्या, अकोल्याच्या, जालन्याच्या बायका, डोक्यावर पदर, हातात निळे झेंडे, रांगेत मराठीच मराठी. स्मारकात गर्दीची वाट आखलेली होती, आत-बाहेर वेगळं. मी आता असल्या गोष्टी पाहते.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये आला. ईश्वरावरची श्रद्धा धम्माचा भाग का नाही, याची त्यात सविस्तर चर्चा आहे: ईश्वर कुणी पाहिलेला नाही, जग त्यानं केलं हे सिद्ध होत नाही, आणि त्या चर्चेतून माणसाच्या वागण्याला काही लाभ होत नाही. पण परतताना मला खिळवून ठेवलं ते कर्मावरच्या भागानं. मागच्या जन्मीच्या कर्मावर आजचं दुःख ढकलणारा सिद्धांत ते नाकारतात आणि त्याचा उपयोग काय होतो तेही सांगतात: गरिबांच्या, दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता येते. काकूंना त्या संध्याकाळी माझ्याकडून जे उत्तर मिळालं नाही, ते इथे आहे.

जोतीराव निर्मिक मानतात, त्यांना गुरू मानणारे बाबासाहेब ईश्वर मानत नाहीत. देव आहे का, यावर दोघांचं एकमत नाही. माणसानं केलेल्याचा जाब माणसालाच द्यावा लागेल, यावर आहे. माझ्यापुरता निकाल मी इथे नोंदवते: पटेल नगरच्या छत्तीस मृत्यूंत देवाच्या असण्याचा पुरावा नाही, नसण्याचाही नाही. तिथे निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि तो बुद्धीच्या आवाक्यातला आहे.

१६ एप्रिल, रविवार

आमच्या कॉलनीतल्या देवळाच्या समितीची बैठक होती. मी आणि काकू गेलो. मी विचारलं, सभामंडपाखाली काय आहे? अध्यक्ष म्हणाले, ‘वहिनी, आपल्याकडे तसलं काही नाही.’ मग मागे बसलेले एक वयस्क गृहस्थ उठले आणि म्हणाले, त्यांच्या लहानपणी पिंपळाजवळ विहीर होती. नेमकी कुठे ते त्यांना आठवत नव्हतं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं की इंजिनिअर बोलावून फरशी तपासायची आणि तोवर मंडपात भजनाला दाटी करायची नाही, बाहेर अंगणात बसायचं. हा आग्रह सगळ्यात जोरानं काकूंनी धरला.

हे पान कुणी वाचलं तर त्यांना विनंती आहे. तुम्ही देव मानत असा वा नसा, तुमच्या गल्लीतल्या देवळाच्या, दर्ग्याच्या, सभागृहाच्या विश्वस्तांना विचारा: खाली विहीर, बावडी, टाकी आहे का, स्लॅब कधी घातला आणि खालून शेवटचा कुणी तपासला, एका वेळी किती माणसं बसवता येतील. उत्तर लेखी मागा. मिळालं नाही तर महापालिकेत अर्ज द्या आणि पोच घ्या. तपासणी होईपर्यंत तिथे उत्सवाची गर्दी जमू देऊ नका.

आमच्याकडे इंजिनिअर मंगळवारी येणार आहे.